हातावर हात

१

सकाळचे सात ते साडेसात माझे. बाकीच्या साडेतेवीस तासांवर दुसऱ्या कुणाकुणाचा हक्क आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. या अर्ध्या तासात मी घरामागच्या अंगणात गुडघे टेकून किड्यांचे फोटो काढतो. अंगण म्हणजे बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद. एका कोपऱ्यात गळका नळ, त्याखाली कायमचं ओलं शेवाळ, समोर सिमेंटची भिंत, भिंतीवर कसलीशी वेल आणि मधे गवत, जे कापायचं दोन महिने राहून गेलंय. पाहुण्याला दाखवावं असं त्यात काही नाही. पण जवळून बघणाऱ्या लेन्समधून तिथे कोळी आहेत, गोगलगायी आहेत, चतुर आहेत, आणि त्यांतल्या एकालाही माझ्याकडून औषध, चहा किंवा उशी नको असते.

पोटापाण्यासाठी मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर तोंडाचा प्लास्टरचा साचा पाठवतात, त्यावर मी मेणात एकेक दात लावतो. एकतीस वर्षं हेच केलं. साच्यात सगळं उतरतं, हिरडीची घडीसुद्धा; नसते ती फक्त ओल. कामावर कुणी नवीन आलं की हे मी सांगतो आणि ते हसतात.

या कामानं माझा हात स्थिर झाला आणि त्यातूनच हा छंद लागला. मात्र इतक्या जवळून फोटो काढताना एक अडचण येते. कोळ्याचा डोळा स्पष्ट आला की त्याचा पाय धूसर होतो. म्हणून एकाच जागेवरून चाळीस फोटो काढायचे. माझा कॅमेरा एका छोट्या यंत्रावर बसतो. बटण दाबलं की ते दर फोटोला केसभर पुढे सरकतं. सगळे मिळून पन्नासेक सेकंद लागतात. मग कॉम्प्युटर प्रत्येक फोटोतली स्पष्ट पट्टी तेवढी उचलून एकावर एक रचतो आणि एक स्वच्छ चित्र तयार होतं. अट एकच, तेवढ्या वेळात समोरचं काही हलता कामा नये. हललं की कड फुटते, म्हणजे एका पायाशेजारी दुसरा फिकट पाय दिसायला लागतो. त्यामुळे गारठून बसलेल्या सकाळच्या किड्यांवरच हा उद्योग चालतो. माणसाच्या हातावर बसलेल्या किड्यावर तर तो चालतच नाही. हात कितीही घट्ट टेकवा, आत नाडी असते, ती हलवतेच. मी स्वतःच्या हातावर पन्नासदा करून बघितलंय आणि पन्नासदा कड फुटली आहे.

२

बायको हॉस्पिटलातून घरी आली त्याला अडीच महिने झाले. तिथे ती अठरा दिवस होती. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलीला बोलावून घ्या म्हणाले. फोन लावायच्या आधी मी आत गेलो आणि तिच्या कानाशी वाकून बोललो. काय बोललो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, तू फक्त घरी ये. काम नको, धाम नको. नुसती हातावर हात ठेवून बस, पण ये.

अर्ध्या तासानं तेच डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, थांबा जरा, बघू. आठवड्याभरानं तिला घरी सोडलं.

माझी बायको म्हणजे एका जागी न ठरणारं माणूस. बसली तरी तिचा डावा पाय हलत असायचा. टेबल हलायचं, पलंग हलायचा, गाडीत शेजारी बसली तर माझी सीटही हलायची. चौतीस वर्षांत 'अगं, पाय हलवू नकोस' हे वाक्य मी 'जेवलीस का' यापेक्षा जास्त वेळा बोललो असेन. ती म्हणायची, मी थांबवलाय, हा आपला आपणच हलतोय.

घरी आल्यापासून पाय हलत नव्हता. अशक्तपणा आहे, असं आधी वाटलं. मग अशक्तपणा गेला. ती चालायला लागली, दोन पोळ्या खायला लागली, माझ्या भाजीत मीठ कमी असतं हेही सांगायला लागली. पाय मात्र नाही हलला. भेटायला येणारे म्हणायचे, किती शांत झाल्यात हो. मी मान डोलवायचो आणि चहा टाकायला आत जायचो.

खरं सांगायचं तर मी दमलो होतो. दुपारपर्यंत कवळ्या, मग घर, औषधांच्या वेळा, चादरी, फोन, पुन्हा औषधं. एकदा मी उभ्या उभ्या भांडी घासताना झोपलो आणि नळ वाहत राहिला. ती अंगणातल्या खुर्चीत बसून मला बघायची. शेजारी दुसरी खुर्ची होती, तिच्यावर टॉवेल वाळत असायचे.

"दमलात तुम्ही. टेका की माझ्याशेजारी घटकाभर," ती म्हणायची.

"हातावर हात ठेवून बसायला मला कुठे वेळ आहे?" मी करवादायचो. मग दिवसभर त्याचं वाईट वाटत राहायचं.

३

पहिल्यांदा आला तो चतुर. मी शेवाळावरच्या गोगलगाईशी झटापट करत होतो आणि बायको खुर्चीत होती. सहज वळून बघितलं तर तिच्या गुडघ्यावर एक लाल चतुर बसला होता. चतुराच्या जवळ जायचं तर मला दहा मिनिटं लागतात, तेही श्वास रोखून, सावली पडू न देता. हा आपणहून येऊन बसला होता. मी फोटो काढले. गेल्या चार वर्षांतला माझा सगळ्यात चांगला चतुर. मला इतका आनंद झाला की मी तिला चहा दोनदा दिला.

मग रोजच काहीतरी बसायला लागलं. तिच्या बाहीवर फुलपाखरू, पदराच्या काठावर लेडीबग. मी म्हटलं, तू माझी असिस्टंट. ती हसली.

उड्या मारणारा एक लहानसा कोळी असतो. त्याला आठ डोळे, आणि जवळपास काही जिवंत हललं की तो गर्रकन वळून त्याच्याकडे बघतो. मी बोट पुढे केलं की तो मान वर करून माझ्याकडे बघतो. हेच बघायला मला तो आवडतो. एका गुरुवारी तो भिंतीवर होता. मी बोट नेलं, तो वळला. मग बायकोनं गंमत म्हणून आपलं बोट त्याच्यासमोर धरलं. तो वळला नाही. ती बोट हलवत होती, तरी वळला नाही. मग भिंत संपली म्हणून विटेवर चढावं तसा तो तिच्या बोटावर चढला, मनगटापर्यंत गेला आणि तिथे बसून माझ्याकडे बघत राहिला.

तिचे हात थंड असतात, म्हणून असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

तिच्या पायाशी मुंग्यांची रांग होती. मुंगी माणसाच्या कातडीपाशी आली की थबकते, मिशा फिरवते आणि बहुतेक वेळा वळसा घालते. ही रांग तिच्या पावलावरून सरळ पलीकडे गेली होती. केव्हापासून जात होती कोण जाणे.

४

त्या शनिवारी लेडीबग तिच्या हाताच्या पाठीवर बसला. तिचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. प्रकाश छान होता. कॅमेरा तिकाटण्यावर होताच. मी विचार न करता, सवयीनं बटण दाबलं. यंत्र सरकत गेलं, चाळीस फोटो झाले. मध्येच मला आठवलं की हातावर हे जमत नसतं. पण झालं ते झालं, म्हणून मी थांबवलं नाही.

दुपारी साडेतीनला कामावरून येऊन मी फोटो कॉम्प्युटरवर टाकले. चित्र रचून झालं तेव्हा मी हात पुसत होतो. वळून बघितलं आणि तसाच उभा राहिलो.

किड्याचे सहाही पाय सुईसारखे स्पष्ट होते. पायाखाली तिच्या कातडीवरच्या बारीक चौकटी, त्यांत उगवलेली लव, लवेच्या एका केसाला चिकटलेला धुळीचा कण. कुठेही कड फुटलेली नव्हती. मी मोठं करत करत कडेपर्यंत गेलो. एक केस घेतला आणि तो चाळीसही फोटोंत शोधला. तो एका ठिपक्याइतकाही सरकला नव्हता.

असं चित्र मी आधी पाहिलं होतं. आमच्या कामावर एकदा हौस म्हणून मी एका प्लास्टरच्या साच्याचे फोटो असेच काढले होते. ते असं आलं होतं.

बाहेर ती खुर्चीत होती. खिडकीतून तिची पाठ दिसत होती. तिनं मान न वळवता विचारलं, "कसा आलाय?"

छान आलाय, मी म्हणालो.

५

मी काही भाबडा माणूस नाही. यंत्र बिघडलं असेल, म्हणून मी माझ्या हातावर करून बघितलं. कड फुटली, अंगठ्याला तर तीन कडा आल्या. व्यायाम करून घ्यायला मंगळवारी-शुक्रवारी एक बाई येतात, त्यांना म्हटलं, तुमच्या हाताचा एक फोटो काढू का. काका, नवऱ्याला सांगेन हं, असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. चांगली दणकट बाई, पण कड फुटली. मग पुन्हा बायकोचा हात. स्वच्छ.

मी त्या बाईंना विचारलं की हिची नाडी कशी आहे. त्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर काढला. आकडा येईना. दुसऱ्या बोटाला लावला, तरी नुसत्या दोन रेघा. "हात थंड आहेत ना, की हे पकडत नाही. मागच्याही वेळी असंच," त्या म्हणाल्या आणि तो पिशवीत टाकला. तब्येत बघा किती छान सुधारलीय, हेही म्हणाल्या. सुधारली होतीच. बायको त्यांच्याबरोबर हसत होती, जिना चढून उतरून दाखवत होती.

दुपारी ती खुर्चीत बसली असताना मी तिचा हात हातात घेतला. बायकोचा हात धरायला नवऱ्याला कारण लागत नाही, तरी मी नखं कापायची आहेत का ते बघतोय असं दाखवलं. मनगटावर अंगठा दाबला. आत काहीतरी उडत होतं. ठक, ठक, ठक. मी मिनिटभर धरून बसलो. डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस मी काय काय विचार करत होतो याची लाज वाटली. एका किड्याच्या नादी लागून आपण घरच्या माणसावर शंका घेतली, म्हातारचळ लागला म्हणायचा. संध्याकाळी मी स्वयंपाक करताना चक्क गुणगुणलो.

शुक्रवारी मी त्या बाईंना ऐटीत सांगितलं की तुमच्या मशिनपेक्षा माझा अंगठा बरा, मला तिची नाडी लगेच लागली. त्या हसल्या.

"अंगठ्यानं कधी बघू नये, काका. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुम्हाला तुमचीच लागते."

मग मी दोन बोटांनी बघितली का? नाही. तिचा हात माझ्यासमोर होता, बोटं माझी माझ्याजवळ होती, आणि मी बघितली नाही.

६

मुलगी दुसऱ्या गावी असते. तिचा पुढच्या शनिवारी फोन आला. रविवारी ती येणार होती, नातीला घेऊन. नात दीड वर्षाची आहे आणि आजीनं तिला हॉस्पिटलाच्या आधीपासून पाहिलेलं नाही. मुलगी म्हणाली, आईचा सारखा एकच धोशा चाललाय, पोरीला माझ्या मांडीवर दे, तिला मांडीवर झोपवायचंय मला. पोरगी एक मिनिट स्वस्थ बसत नाही, हेही हसून म्हणाली.

"आजीवर गेलीय," ती म्हणाली. "पाय थांबत नाहीत कार्टीचे."

मी फोन धरून उभा होतो. खिडकीबाहेर बायकोच्या मांडीवर दोन फुलपाखरं होती, आणि पंखही न मिटता ती तिथे बसली होती. मला त्या मांडीवर नातीचे पाय दिसले. आधी हलणारे, मग थांबलेले.

या, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? कारण काय देणार होतो? माझ्याकडे लेडीबगचा एक चांगला फोटो होता, एवढंच.

पण रविवारच्या आत मला काहीतरी नक्की करायचं होतं. दोन्ही हात एकाच चित्रात घ्यायचे, तिचा आणि माझा. यंत्र एक, प्रकाश एक, वेळ एक. माझी कड फुटली आणि तिची नाही, तर मग मला मुलीशी बोलता येईल. दोन्ही फुटल्या तर मी मूर्ख. मूर्ख ठरायला मी एका पायावर तयार होतो.

७

शनिवारीच दुपारी चार वाजता मी दुसऱ्या खुर्चीवरचे टॉवेल उचलले. कॅमेरा खुर्च्यांसमोर लावला. बायको बघत होती.

"आज किडा कुठाय?"

आज नुसते हात, मी म्हणालो.

"बसा. किती दिवस म्हणतेय मी."

तिनं हात दांडीवर ठेवला, मी माझा त्यावर ठेवला. तिची बोटं उघडी दिसतील असा जरा तिरका. थंड होता, पण वाईट नाही. उन्हातून घरात आल्यावर फरशी लागते तसा. मी दुसऱ्या हातानं बटण दाबलं आणि यंत्र सरकायला लागलं. टिक, थोडी शांतता, टिक.

मी मनात मोजत होतो. बारा, तेरा. नळ गळत होता. खुर्चीची पाठ खूप बरी वाटत होती. मला आठवेना मी शेवटचा पाठ टेकून कधी बसलो होतो. गुडघ्यातली कळ गेली. मानेतली गेली. एकोणीस, वीस. कुकर लावायचा राहिलाय, हे आठवलं आणि त्याचं काही वाटलं नाही. तिनं हात काढला नाही, दाबलाही नाही. ती फक्त म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना."

काय म्हणालो होतो, हे मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. पण ते मी बोललो तेव्हा ती बेशुद्ध होती.

पुढचे आकडे माझ्याकडून मोजले गेले नाहीत. यंत्र थांबलं तेव्हा मला उठावंसं वाटत नव्हतं. नात डोळ्यांसमोर आणली, मगच उठलो.

८

चित्र रचलं. तिचा हात स्वच्छ आला, हे मला अपेक्षितच होतं. माझ्या हाताची कड फुटली होती, पण थोडीशीच, पुढच्या भागात. बोटांच्या मुळांकडे, म्हणजे शेवटच्या फोटोंतून आलेल्या भागात, चित्र तिच्याइतकंच स्वच्छ होतं. मला ते समजत नाही असं स्वतःला भासवत थोडा वेळ बसलो. मग चाळीस फोटो एकेक करून बघायला घेतले.

पहिल्या फोटोपासून माझा अंगठा हलत होता. वर, खाली, जरासा. दोन, तीन, चार. अगदी माझाच अंगठा. तेविसाव्या फोटोपर्यंत तो हलला. चोविसाव्यात जिथे होता तिथेच पंचविसाव्यात होता. तिथेच सव्विसाव्यात. मी पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. एकतिसाव्या फोटोत तिच्या बोटांवर एक मुंगी आली. पुढच्या फोटोत ती बोटांच्या टोकाशी. पुढच्यात ती माझ्या अंगठ्यावर होती. ती थबकली नव्हती. मिशा फिरवून बघितलं नव्हतं. सरळ चालत पलीकडे गेली, आणि ती गेल्याचं मला कळलंही नव्हतं.

चोवीस ते चाळीस म्हणजे वीस सेकंद. ती वीस सेकंद मला नीट आठवत होती. गेल्या तीन महिन्यांत तेवढीच विश्रांती मला मिळाली होती.

मी माझी नाडी बघितली. लागली. पण अंगठ्यानं बघितली होती.

मग मुलीला फोन केला. म्हटलं, उद्या येऊ नकोस, मला ताप आहे, पोरीला लागण होईल. तिनं खूप प्रश्न विचारले, मी सगळ्यांची उत्तरं दिली. पुढच्या रविवारी येऊ का, म्हणाली. मी म्हणालो, मी सांगेपर्यंत नको, आणि आईनं बोलावलं तरी नको. असं का, तर तिला सर्दी आहे, ती कबूल करत नाही. इतकं सराईत खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. शेवटी ती बरं म्हणाली.

"बाबा," ती म्हणाली, "तापात आहेस, पण आवाज किती छान येतोय तुझा. शांत. किती दिवसांनी."

मी फोन ठेवला. सिंकमध्ये सकाळची भांडी होती. औषधांची पाचची वेळ झाली होती. नातीची मला आता काळजी नव्हती आणि बाकी कशाची काळजी करायची ते मला आठवत होतं, फक्त ती वाटत नव्हती. पाय मात्र दुखत होते, दिवसभर दुखतात तसे.

"येताय ना?" बाहेरून आवाज आला.

टॉवेल मी परत खुर्चीवर टाकले नव्हते. कॅमेरा टेबलावरच राहू दिला आणि बाहेर गेलो.